बिनचावीच्या ड्रिल चकमध्ये बिट अडकतो किंवा सटकतो: आधी काय तपासायचे आणि कुठे थांबायचे

ड्रिलचा बिट बदलताना काही अडले की तक्रार एकाच वाक्यात येते: "चक गेला." प्रत्यक्षात त्या वाक्यामागे सात-आठ वेगवेगळे दोष असू शकतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर चांगला चकही खरोखरच जातो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी आपली तक्रार यातली नेमकी कोणती, ते बघून घ्या. चक म्हणजे ड्रिलचे बिट पकडणारे तोंड, त्याच्या आतले तीन जबडे बिटला धरतात. हाताने फिरवायच्या चकच्या बाहेरच्या भागाला इथे स्लीव्ह म्हटले आहे आणि बिटच्या ज्या टोकाला चक पकडतो त्याला दांडी.

लक्षणे

- स्लीव्ह जागची हलत नाही, बिट आत गच्च बसलेला आहे.
- स्लीव्ह फिरवली की तिच्यासोबत अख्खा चक फिरतो, जबडे उघडत नाहीत.
- स्लीव्ह मोकळी गरगर फिरते, पण जबडे पुढे-मागे होत नाहीत.
- जबडे सैल झालेत, तरी बिट बाहेर येत नाही.
- भोक पाडताना चक फिरत राहतो आणि बिट भिंतीत थांबतो.
- हॅमरवर (म्हणजे मशीन ठोके देत फिरते त्या सेटिंगवर) दोन-चार भोके झाली की बिट ढिला होतो किंवा निघून पडतो.
- बिट डुलतो, ६ मिमीच्या बिटने पाडलेल्या भोकात गट्टी सैल बसते.
- मशीन उलटे फिरवले की अख्खा चकच सुटायला लागतो.

पहिली चार लक्षणे अडकण्याची आहेत, पुढची दोन सटकण्याची, शेवटची दोन चक आणि मशीन यांच्या जोडाची. तपासणीही त्याच क्रमाने दिली आहे. प्रत्येक भागात सोपे आणि बिनखर्चाचे आधी आहे.

चकच्या आत काय असते

हे समजले की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. चकच्या लोखंडी अंगात तीन तिरपी भोके असतात आणि त्यांत तीन जबडे सरकतात. प्रत्येक जबड्याच्या पाठीवर आटे असतात. त्या आट्यांत एक नट बसलेली असते आणि नटवर बाहेरून स्लीव्ह घट्ट ठोकून बसवलेली असते. स्लीव्ह फिरवली की नट फिरते, नट जबड्यांना पुढे ढकलते आणि भोके तिरपी असल्यामुळे पुढे येताना तिन्ही जबडे एकमेकांच्या जवळ येतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नटच्या आट्यांमुळे हाताचा थोडा जोर जबड्यांवर कितीतरी पट होऊन पोचतो, म्हणूनच किल्लीशिवाय काम भागते. दोन, ती तिरपी भोके चकच्या तोंडाशी उघडी असतात. छताला भोक पाडताना पडणारी सिमेंटची, पीओपीची किंवा विटेची भुकटी सरळ त्यांत उतरते. कोकण-गोव्यात जांभ्याच्या भिंतीत काम करणाऱ्यांच्या मशीनमध्ये तांबडी माती भरते, ती पावसाळी हवेत ओली होऊन चिकटते आणि आटे जाम होतात. चक अडकण्यामागे तुटफूट क्वचितच असते, ही भुकटीच जास्त वेळा असते.

सुरू करण्याआधी

प्लग बोर्डातून काढा. बॅटरीचे मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवा. दिशा बदलायचे बटण मधोमध ठेवले की मशीन सुरक्षित झाले असे पुष्कळजण धरून चालतात. त्या जागी बहुतेक मशीनचा फक्त ट्रिगर अडतो, बटण बोट लागून सरकू शकते. बॅटरी काढणे हा पाच सेकंदांचा उद्योग आहे आणि मनगट वाचवणारा आहे. नुकतेच लोखंडात भोक पाडले असेल तर बिट चटका बसेल इतका तापलेला असतो, तो निवू द्या.

## अडकलेला बिट

१. दिशा बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त वेळा चूक इथेच सापडते. चक उघडायला स्लीव्ह घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायची असते, हे बरोबर. पण ते समोरून, म्हणजे बिटच्या टोकाकडून पाहिल्यावर. मशीन हातात धरून मुठीकडून पाहिले की तीच दिशा काट्यांप्रमाणे दिसते. माणूस मशीन मुठीकडून धरतो, "उलट फिरवायची" एवढेच लक्षात ठेवतो आणि जोर लावून चक आणखी आवळतो. नंतर हात थकतो आणि चक गेला असे वाटते.

म्हणून मशीनचे तोंड स्वतःकडे वळवा, बिटकडे बघत स्लीव्ह काट्यांच्या उलट फिरवा. बऱ्याच स्लीव्हवर बाण किंवा उघड्या-बंद कुलपाचे चित्र कोरलेले असते. धुळीने ते बुजलेले असेल तर जुना टूथब्रश फिरवा.

२. चक एका स्लीव्हचा की दोन रिंगांचा?

चकवर मधोमध सांधा दिसत असेल आणि पुढचा-मागचा भाग वेगवेगळा फिरत असेल, तर तो दोन रिंगांचा. त्यात मागची रिंग एका हाताने घट्ट धरायची आणि पुढची फिरवायची. मागची न धरता पुढची फिरवली तर अख्खा चक फिरणारच. लक्षण क्रमांक दोनचे निम्म्याहून जास्त दुखणे इथेच मिटते.

एकच स्लीव्ह असेल तर मशीनच्या आत स्पिंडल, म्हणजे मोटरने फिरणारा आणि चक ज्यावर बसतो तो दांडा, आपोआप अडवणारी यंत्रणा असते. ट्रिगर सोडला की स्पिंडल अडते आणि एका हाताने स्लीव्ह फिरवता येते. तरीही अख्खा चक फिरत असेल तर गिअर १ वर टाकून बघा. कमी गिअरमध्ये आतली चाके जास्त अडवतात, त्यामुळे स्लीव्ह सुटण्यापुरता आधार मिळतो. गिअर बदलल्यावरही चक मोकळा फिरत असेल तर अडवणारी यंत्रणा झिजली आहे. ती गिअरबॉक्सच्या आत असते. तात्पुरते काम भागवायला काही मशीनच्या चकच्या मागे, स्पिंडलवर पान्यासाठी दोन सपाट बाजू दिलेल्या असतात. त्या मापाचा सपाट पाना लावून स्पिंडल धरा आणि स्लीव्ह फिरवा.

३. टकटक करून कुलूप लागले आहे का?

काही चकांत आवळताना शेवटी "टक-टक" असा आवाज येतो. तो आवाज बिघाडाचा नाही, हॅमरच्या थरथरीने चक सुटू नये म्हणून दिलेले ते कुलूप आहे. असा चक उघडताना पहिला झटका जोराचा द्यावा लागतो. कुलूप एकदा "टक" करून सुटले की पुढे स्लीव्ह हलकी फिरते. हळूहळू जोर वाढवत नेण्यापेक्षा एक आखूड, ताडकन झटका इथे जास्त उपयोगी.

४. पकड

स्लीव्हवर तेल, घाम किंवा रंग लागला असेल तर हात घसरतो आणि जोर फुकट जातो. कोरड्या फडक्याने पुसा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा घेऊन स्लीव्हवर दोन वेढे द्या आणि त्यावरून धरा. मुरंब्याच्या बरणीचे झाकण उघडायला जो गुण लागतो तोच इथे लागतो, आणि रबराची पट्टी पक्कडीपेक्षा भली, कारण ती प्लास्टिकच्या स्लीव्हला दाते पाडत नाही. हातमोजे घालायचे तर बॅटरी काढलेली असतानाच. मशीन चालू असताना फिरत्या चकजवळ हातमोजा नको, तो गुंडाळला जाऊन बोटे ओढतो.

५. तोंड खाली करून ठोका

मशीनचे तोंड जमिनीकडे करा आणि रबरी हातोडीने किंवा लाकडी ठोकळ्याने चकच्या कडेला चारही बाजूंनी हलके सात-आठ ठोके द्या. तोंड खाली ठेवणे महत्त्वाचे आहे, नाहीतर सुटलेली भुकटी पुन्हा आतच बसते. ठोक्यांच्या मधे स्लीव्ह थोडी आवळून मग सोडून बघा. सोडायच्या आधी किंचित आवळले की आट्यांतला कचरा भरडला जातो, पुष्कळदा त्या एका हालचालीने चक सुटतो. लोखंडी हातोडी स्लीव्हवर मारू नका. प्लास्टिक तडकते आणि तडकलेली स्लीव्ह नटला धरत नाही.

६. जबडे सैल, पण बिट येत नाही

इथे चक निर्दोष असतो. बिटची दांडी जबड्यांत घसरून तिच्यावर ओरखड्यांची कडा उठलेली असते आणि ती कडा जबड्यांच्या मागे अडकते. जबडे जेवढे उघडतील तेवढे उघडा, बिट पक्कडीने धरून आधी थोडा आत ढकला, मग गोल फिरवत बाहेर ओढा. सरळ ओढल्यावर न येणारा बिट फिरवल्यावर येतो. काढल्यावर दांडीवरची कडा कानशीने घासून काढा, नाहीतर पुढच्या वेळी हेच होणार.

बारीक बिटचे आणखी एक असते. ३ मिमीचा किंवा त्याहून बारीक बिट तीन जबड्यांच्या मधोमध न बसता दोन जबड्यांच्या फटीत शिरतो आणि तिथेच चेपला जातो. अशा वेळी बिट उपटू नका, मोडून आत राहील. जबडे पूर्ण उघडा, तोंड खाली करा, ठोका. तो आपण होऊन पडतो.

७. गंज आणि चिकट धूळ

इथपर्यंत सुटले नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे घ्या. नसेल तर रॉकेलही चालते. मशीन तोंड वर करून उभे धरा, जबड्यांच्या तीन फटींत प्रत्येकी दोन-तीन थेंब सोडा, अर्धा तास थांबा. मग तोंड खाली करून फडक्यावर निथळू द्या आणि पाचव्या तपासणीतले ठोके पुन्हा द्या. गरज पडली तर हे दोनदा करा.

थेंबच सोडायचे, पिचकारी मारायची नाही. चकच्या मागे स्पिंडल आणि गिअरबॉक्स आहे. जास्तीचा द्रव तिथले ग्रीस पातळ करतो आणि नंतर गिअर कोरडे चालतात. दुसरे म्हणजे रॉकेल असो वा स्प्रे, तो पूर्ण वाळल्याशिवाय मशीन चालू करू नका. कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात, त्या मागच्या झरोक्यांतून दिसतातही. पेट्रोल आणि थिनर तर नकोच. आणि चक सुटल्यावर आनंदाने आत ग्रीस भरू नका. ग्रीसवर सिमेंटची भुकटी बसली की तिचा लेप होतो आणि महिन्याभरात तोच चक पहिल्यापेक्षा वाईट अडकतो. मशीन ऑइलचा एकेक थेंब पुरे, वर फडके फिरवून कोरडे करा.

८. पाना, पण बेताने

आता पाईप पान्याची वेळ. धातूची स्लीव्ह असेल तर तिच्यावर ट्यूबचा तुकडा गुंडाळून पाईप पाना लावा. मशीन कोणाला तरी दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरायला सांगा. दोन रिंगांचा चक असेल तर दुसरी रिंग दुसऱ्या पान्याने धरा. जोर एकदम आखूड झटक्यात द्या. पान्याच्या दांड्यात पाईप घालून लांबी वाढवायची नाही. तेवढा जोर लागला तर स्लीव्ह नटवरून सुटते किंवा मशीनचे प्लास्टिक अंग तडकते.

प्लास्टिकच्या स्लीव्हवर पाईप पाना चालत नाही. त्याऐवजी तेलाचा फिल्टर काढायचा पट्टा-पाना गॅरेजमध्ये मिळतो, तो वापरा. तीन प्रयत्नांत सुटले नाही तर थांबा.

हे मात्र कधीच करू नका

स्लीव्ह मुठीत धरायची आणि ट्रिगर दाबायचा, म्हणजे चक आपोआप उघडतो किंवा आवळतो, ही युक्ती जवळजवळ प्रत्येक साइटवर दिसते. सरळ दिशेने ती आवळते, उलट दिशेने सोडते, हे खरे. पण अडकलेल्या चकवर ती केली तर स्लीव्ह सुटत नाही, हात फिरतो. बिटची धार तळहातातून जाते, मनगट मुरगळते. शिवाय मोटरच्या जोराने आवळलेला चक नंतर हाताने सुटत नाही. रोज "चक अडकतो" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याचजणांनी आदल्या दिवशी चक मोटरने आवळलेला असतो. हाताने आवळलेले हातानेच सुटते, एवढा एक नियम पाळला तरी या भागातल्या निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

स्लीव्ह मोकळी गरगर फिरते आणि जबडे हलत नाहीत, या तिसऱ्या लक्षणाला घरगुती उपाय नाही. नट फुटली आहे किंवा स्लीव्ह नटवरून निसटली आहे. चिकटवणारी द्रव्ये लावून ते टिकत नाही. चक बदलायचा, तो कसा ते शेवटच्या भागात आहे.

## सटकणारा बिट

इथे पहिला प्रश्न: खरेच बिट सटकतो आहे का? बिट चकमध्ये बसवून आवळा, पर्मनंट मार्करने बिटच्या दांडीवरून चकच्या तोंडावर एक सरळ रेघ ओढा. एक भोक पाडायचा प्रयत्न करा, थांबवा, रेघ बघा.

रेघ तुटून सरकली असेल तर बिट सटकतो आहे. रेघ जागच्या जागी असेल आणि तरी बिट मधेच थांबत असेल, "टर्रर्र" असा आवाज येत असेल, तर तो बॅटरी मशीनचा क्लच आहे, म्हणजे ठरावीक जोरापुढे फिरणे सोडून देणारी यंत्रणा. चकच्या मागची आकड्यांची रिंग स्क्रूच्या आकड्यावर राहिली आहे. ती ड्रिलच्या चित्रावर फिरवा, तक्रार संपली. या रेघेला खर्च शून्य आणि वेळ एक मिनिट लागतो, तरी ती न ओढता नवा चक विकत घेणारे आढळतात. रेघ चकपासून मशीनच्या अंगावर नेता येत नाही, पण चक आणि स्पिंडल यांच्या सांध्यावर दुसरी रेघ ओढली तर चकच स्पिंडलवर सैल झालाय का तेही त्याच चाचणीत कळते.

बिट खरेच सटकत असेल तर या क्रमाने बघा.

दिशेचे बटण. मशीन उलट फिरत असेल तर बिट कापत नाही, नुसता घासतो आणि तापतो. मग माणूस आणखी रेटतो आणि दांडी जबड्यांत घसरते. बिटच्या टोकाला धूर किंवा निळा रंग दिसला तर आधी हे बटण बघा.

बिटची धार. बोथट बिटला दुप्पट-तिप्पट जोर लागतो, तो सगळा चकवर येतो. भिंतीच्या बिटच्या टोकावर कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची छोटी पाती बसवलेली असते. तिच्या कडा गोल झाल्या असतील किंवा कोपरा उडाला असेल तर बिट बदला, चकला दोष देऊ नका.

दांडी किती आत गेली आहे? दांडी किमान २ ते २.५ सेमी जबड्यांत हवी. टोकाला धरलेला बिट सुटतो आणि डुलतोही. उलट बाजूने, बारीक बिट इतका आत ढकलू नका की जबडे त्याच्या पिळावर आवळतील. पिळावर तीन जबडे सपाट टेकत नाहीत, बिट तिथेच तुटतो. जबड्यांनी गुळगुळीत दांडीच धरली पाहिजे.

दांडीचा प्रकार. खोबणी असलेली एसडीएस दांडी, म्हणजे रोटरी हॅमरचे (काँक्रीटसाठीच्या जोरदार ठोक्यांच्या मशीनचे) बिट, तीन जबड्यांच्या चकमध्ये लावायची नसते. खोबणीवर जबडे आले की पकड अर्धी होते आणि जबड्यांचे ओठ झिजतात. दांडीचा व्यास १० मिमी असल्याने १३ मिमीच्या चकमध्ये ती सहज शिरते, म्हणून ही चूक होते. सहा बाजूंची ६.३५ मिमीची दांडी चालते, पण तिन्ही जबडे तिच्या सपाट बाजूंवर टेकतील अशी फिरवून घ्या. कोपऱ्यांवर आवळली तर पहिल्याच झटक्यात फिरते. स्क्रूचे २५ मिमी लांबीचे छोटे बिट सरळ चकमध्ये लावू नका, चुंबकाचा होल्डर मधे घ्या.

दांडीवरचे तेल आणि ओरखडे. नवा बिट तेल लावून येतो. दांडी कोरड्या फडक्याने पुसा. घसरून चकचकीत झालेल्या किंवा ओरखडे पडलेल्या दांडीवर १२० नंबरचा एमरी पेपर आडवा फिरवा. एकदा जबड्यांत घसरलेली दांडी पुन्हा घसरतेच. स्वस्त भिंतीच्या बिटांची दांडी मऊ असते आणि तिच्यावर खड्डे पडतात. असा बिट फेकून देणे परवडते, कारण तो नंतर जबडेही खातो.

आवळण्याची पद्धत. बिट घालून स्लीव्ह बोटांनी फिरवा, जबडे टेकले की बिट हाताने थोडा गोल फिरवून मधोमध बसू द्या, मग पूर्ण आवळा. कुलपाच्या चकमध्ये तीन-चार टकटक होईपर्यंत. साध्या चकमध्ये मनगटाच्या पूर्ण जोराने. हॅमरवर काम करताना दर दोन-तीन भोकांनी प्लग किंवा बॅटरी काढून स्लीव्ह पुन्हा आवळून घ्या. हॅमरची थरथर आट्यांना सैल करते, त्यात चकचा दोष नाही. कॉलम-बीमच्या काँक्रीटमध्ये ८ मिमीहून मोठी बरीच भोके पाडायची असतील तर मुळात हा चक त्या कामाचा नाही. रोटरी हॅमर भाड्याने आणा. त्यात दांडी आवळावी लागतच नाही, ती खोबणीत अडकते आणि पुढे-मागे ठोका घेते. वीटकाम आणि जांभ्यात मात्र साधे ड्रिल पुरते.

जबड्यांची झीज. चक रिकामा करून पूर्ण बंद करा आणि समोरून बघा. तिन्ही जबड्यांची टोके एका बिंदूत, एका पातळीत आली पाहिजेत. एखादा पुढे आलेला असेल तर त्याने आटा सोडला आहे. टोकाशी कड तुटलेली किंवा तोंडाशी नरसाळ्यासारखी झीज असेल तर बिटला फक्त मागचे टोक धरते. दोन्हीत चक बदलावा लागतो. १ मिमीचा बिट धरत नसेल तर घाबरू नका, बरेच चक १.५ मिमीपासून पुढेच धरतात. चकवर छापलेला पहिला आकडा तो. त्याहून बारीक बिटसाठी हँड चक वेगळा मिळतो.

भिंतीत बिट अडकून बसला असेल तर मशीन उलटे फिरवत जोरात ओढू नका. उलट फिरवताना चक सैल होण्याकडे कल असतो, बिट भिंतीत आणि मशीन हातात राहते. चक हाताने उघडून मशीन बाजूला घ्या आणि बिट पाईप पान्याने फिरवत काढा.

## डुलणारा बिट आणि सुटणारा चक

बिट डुलतो तेव्हा दोष बिटमध्ये, जबड्यांत की स्पिंडलमध्ये, हे तीन पायऱ्यांत कळते. बिट काढून किचन ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा काचेवर लोळवा. वाकडा असेल तर खाली प्रकाशाची फट उघडझाप करताना दिसते. सरळ असेल तर ६ मिमीचा नवा लोखंडी कामाचा बिट लावून मशीन अगदी सावकाश फिरवा आणि जबड्यांपाशी दांडीकडे बघा. चकचे तोंड स्थिर आणि दांडी डुलते म्हणजे एका जबड्यात कचरा किंवा झीज आहे: बिट काढून, तोंड खाली करून झटका, पुन्हा लावा. चकचे तोंडच डुलत असेल तर चक स्पिंडलवर सैल आहे किंवा स्पिंडल वाकली आहे. मशीन शिडीवरून चकच्या तोंडावर पडल्यानंतर हे हमखास होते.

चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो. सरळ दिशेने फिरताना तो आपोआप आवळतो, उलट फिरताना सुटायला बघतो. तो सुटू नये म्हणून चकच्या पोटात, तळाशी एक स्क्रू असतो आणि त्याचे आटे उलटे असतात. उलट फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या मशीनमध्ये तो असतो. चक उलट्या दिशेला सुटत असेल तर बहुधा हा स्क्रू सैल झाला आहे किंवा मागे कोणीतरी चक बदलताना तो परत लावलाच नाही.

चक काढण्याची रीत

१. जबडे पूर्ण उघडा. टॉर्चने आत बघा, तळाशी स्क्रूचे डोके दिसेल. आतली धूळ ब्रशने झाडा, नाहीतर पेचकस डोक्यात नीट बसत नाही.

२. डोक्याच्या मापाचा चांगला पेचकस घ्या. स्क्रू काट्यांच्या दिशेने फिरवून काढायचा आहे, म्हणजे नेहमीच्या उलट. इथे नेहमीच्या सवयीने फिरवून डोके खराब करणे हीच मोठी फजिती आहे. घट्ट असेल तर पेचकसच्या मुठीवर हातोडीचा एक ठोका द्या आणि मग फिरवा. जबड्यांत बिट अडकून चक उघडतच नसेल तर या स्क्रूपर्यंत पोचता येत नाही, तेव्हा पुढे जाऊ नका.

३. ८ किंवा १० मिमीची एल आकाराची ॲलन की घ्या, तिची आखूड बाजू चकमध्ये आवळा. गिअर १ वर, क्लच ड्रिलच्या चित्रावर. मशीन टेबलाच्या कडेला आडवे ठेवून दाबून धरा. समोरून बघत ॲलन कीच्या लांब बाजूवर रबरी हातोड्याने काट्यांच्या उलट दिशेने ताडकन एक ठोका द्या. दोन-तीन ठोक्यांत चक सैल होतो, मग हाताने फिरवून काढा. दाबून जोर देऊ नका. दाब गिअरवर जातो, झटका आट्यांवर.

४. काढलेल्या चकच्या अंगावर माप छापलेले असते: "१.५-१३" म्हणजे मिमीतली पकड, "१/२-२० यूएनएफ" किंवा "३/८-२४ यूएनएफ" म्हणजे आटे. १० मिमीच्या चकला बहुधा ३/८-२४ असते, १३ मिमीला १/२-२०, पण हे गृहीत धरू नका. जुना चक पिशवीत घालून हार्डवेअरच्या दुकानात न्या आणि नवा चक तिथेच स्क्रूसह मापून घ्या.

५. नवा चक आधी हाताने पूर्ण बसवा, ॲलन कीने काट्यांच्या दिशेने एक ठोका देऊन आवळा, मग स्क्रूला मध्यम ताकदीच्या थ्रेड-लॉकचा (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायच्या द्रवाचा) एक थेंब लावून तो काट्यांच्या उलट फिरवत घट्ट करा. थ्रेड-लॉक वाळायला बाटलीवर दिलेला वेळ द्या.

काही छोट्या मशीनचा चक वेगळा निघत नाही. आत तळाशी स्क्रू दिसला नाही आणि चक ठोक्याने हलला नाही तर ओढाताण करू नका.

कारागिराकडे कधी न्यायचे

खालीलपैकी काहीही झाले तर घरचे काम तिथेच संपते:

- पोटातल्या स्क्रूचे डोके घासून गुळगुळीत झाले. तो ड्रिल करून काढावा लागतो आणि हात हलला तर स्पिंडलचे आटे जातात.
- तीन-चार ठोक्यांतही चक स्पिंडलवरून सुटत नाही. आत कडक थ्रेड-लॉक आहे, तो तापवून काढतात. मागे प्लास्टिक, ग्रीस आणि बेअरिंग आहे, म्हणून घरी गॅस किंवा मेणबत्ती लावू नका.
- नवा चक लावूनही तोंड डुलते. स्पिंडल किंवा बेअरिंग गेले.
- गिअर १ वरही स्पिंडल अडत नाही, किंवा गिअरबॉक्समधून खरखर, कडकड आवाज येतो.
- मोटरमधून जळका वास किंवा धूर येतो, ठिणग्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसतात.
- मशीन वॉरंटीत आहे. बिल घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, त्याआधी काहीही उघडू नका.

दुकानात देताना "चक खराब आहे" एवढेच सांगू नका. वरच्यापैकी कोणते लक्षण, मार्करची रेघ कुठे सरकली, उलट दिशेला काय होते, स्क्रू काढून बघितला का, एवढे सांगितले तर कारागीर गिअरबॉक्स उगाच उघडत नाही. साधा चक काही शे रुपयांत मिळतो. गिअरबॉक्स उघडायला लागला तर मजुरीसह खर्च स्वस्त मशीनच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून आधी अंदाजे खर्च विचारा आणि मगच हो म्हणा.

पावसाळ्यात मशीन ठेवताना चकचे जबडे थोडे उघडे ठेवा, आत बिट लावून ठेवू नका, आणि पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. छताचे काम असेल त्या दिवशी बिटवर दुधाच्या पिशवीचा किंवा जुन्या प्लास्टिक वाटीचा तुकडा भोक पाडून सरकवा. खाली पडणारी भुकटी वाटीत साठते, चकमध्ये जात नाही. काम संपले की तोंड खाली करून दोन ठोके, एकदा ब्रश, एकदा कोरडे फडके.